वळणावर रडणारी गाडी

तुमची गाडी भर जंगलात बंद पडली, तर तुम्ही आधी बॉनेट उघडता, की रस्त्याच्या कडेला कोण उभं आहे ते बघता?

उत्तराची घाई करू नका. मी ज्यांना ज्यांना हा प्रश्न विचारला, ते सगळे "बॉनेट" म्हणाले. त्यातल्या कित्येकांना मी स्वतः आधी कडेला बघताना पाहिलं आहे.

मी क्लच आणि गिअरबॉक्सची मेकॅनिक आहे. चंद्रपुरात मूल रोडला माझ्या मामूंचं गॅरेज आहे, तिथे शाळा सुटल्यापासून मी गाड्यांखाली आहे. अब्बा माजरीच्या कोळसा खाणीत होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती. पत्रकांचे गठ्ठे होते, त्यांच्यावर बसून आम्ही जेवायचो. त्या कागदांनी मला एक खोड लावली. कोणी "नशीब" म्हटलं, "कोप" म्हटलं, की मी विचारते, हे कोणाच्या सोयीचं आहे? मामूंना ही खोड आवडत नाही. ते म्हणतात, "बेटा, तू पाना धर. सवाल तुझ्या बापाने लई विचारले."

आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इंजिन सतत फिरत असतं, चाकं मात्र कधी फिरतात, कधी थांबतात. या दोघांची गाठ बांधायची आणि सोडायची, हे क्लचचं काम. मधे एक चकती असते. एक दणकट स्प्रिंग तिला इंजिनवर दाबून धरते, तेव्हा गाठ बांधलेली असते. तुम्ही डाव्या पायाने पेडल दाबता, तेव्हा एका बारीक नळीतलं तेल पुढे ढकललं जातं, ते तेल एका बेअरिंगला ढकलतं, बेअरिंग त्या स्प्रिंगला रेटतं आणि गाठ सुटते. मग तुम्ही गिअर बदलता. एवढंच.

वेगाच्या गाड्यांमध्ये ही गाठ अवघड होते. इंजिनची ताकद वाढवलेली असते, म्हणून स्प्रिंग कडक बसवावी लागते, आणि तिचं सगळं ओझं त्या बेअरिंगवर येतं. चंद्रपुरात अशा गाड्या कोणाकडे, असं वाटेल तुम्हाला. कोळसा वाहणाऱ्यांच्या आणि रेतीवाल्यांच्या मुलांकडे. ज्या रस्त्यांवर बसची वाट बघत बाया दुपार काढतात, त्याच रस्त्यांवर ही मुलं वेगाचा काटा किती वर चढतो ते बघतात. मला या मुलांचा राग येतो, आणि त्यांच्या गाड्यांवर माझं प्रेम आहे. दोन्ही खरं आहे, आणि त्यातली विसंगती मला कळते.

रोग शोधण्याची आमची पद्धत साधी आहे. आवाज कुठून येतो हे नंतर, आधी कधी येतो ते विचारायचं. पेडल दाबल्यावर की सोडल्यावर? गार असताना की तापल्यावर? गाडीवाला नेहमी तिसरंच काहीतरी सांगतो. "अमावस्येला येतो," असं सांगणारेही भेटले आहेत.

ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या वसाहतीत एक इंजिनिअर साहेब होते. पावसाळाभर त्यांची गाडी क्वार्टरबाहेर उभी होती. एके सकाळी त्यांनी पेडल पूर्ण दाबून चावी फिरवली, आणि गाडी चालायला लागली. पाय पेडलवर, म्हणजे गाठ सुटलेली, तरी गाडी आपली फाटकाकडे निघाली. ते मला फोनवर म्हणाले, "ती स्वतःहून चालून राह्यली." हे बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. ओलाव्याने चकती गंजून इंजिनला चिकटली होती, बाकी काही नाही. मी ती सोडवली. बाईसाहेबांनी तोवर आरशाला लिंबू-मिरची बांधली होती. मी विचारलं, "आता काढायची का?" त्या म्हणाल्या, "राहू द्या. तुमचं पण राहू द्या, हे पण राहू द्या."

तेव्हा मी हसले होते. रोशनची गाडी आली त्यानंतर मला तसं हसू आलेलं नाही.

रोशन हा एका कोळसा वाहतूकदाराचा मुलगा. त्याची दोन दारांची बुटकी लाल गाडी, तिचं इंजिन त्याने दूरच्या शहरातून फुगवून आणलेलं. ऐन उन्हाळ्यात तो ती घेऊन आला. नेहमी गॅरेजात शिरताना इंजिन गुरगुरवणारा पोरगा, त्या दिवशी गाडी बाहेर लावून चालत आत आला.

"ताई, गाडीत काहीच बिघाड नाई. तुम्ही फक्त एकदा पाहून घ्या."

"काहीच नाई तं आणली काऊन?" मामूंनी विचारलं.

तो हळूहळू बोलला. गडचिरोलीच्या पुढे, जंगलातल्या रस्त्यावर एक वळण आहे. तिथे सागाच्या झाडाखाली देवाचं ठाणं आहे. त्या वळणावर गाडी बाई रडल्यासारखी रडते, आणि मग जागीच मरते. पेडल जमिनीला चिकटतं, गिअर निघत नाही. दोनदा झालं, तीनदा झालं. दुसरीकडे कुठेही होत नाही. आणि दरवेळी तिथे एक म्हातारी असते. ठाण्यापासून थोड्या अंतरावर टोपली घेऊन बसते. गाडी रडली की ती उठून उभी राहते आणि एकटक बघते.

"मंग मी उतरून हात जोडतो, चूक झाली म्हणतो, नारळ फोडतो. थोड्या वेळाने गाडी सुटते."

"म्हातारीले विचारलं का काही?" मी म्हटलं.

"तिले कोण विचारन? तिच्याच नजरेत आहे ते." मग खाली बघत तो म्हणाला, "मी गावात सांगून आलो. गावच्या लोकायलेही ती जादूटोणा करते अशी शंका होतीच. येत्या बाजाराच्या दिवशी गाव बैठकीले बसणार आहे. तिले काढून देतीन."

"काढून देतीन म्हणजे?"

तो बाहेर गाडीकडे बघायला लागला. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला या जिल्ह्यांत तो प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागत नाही. एकट्या म्हाताऱ्या बाईला गाव "काढून देतं" तेव्हा ती कधी दुसऱ्या गावी पोचते, कधी कुठेच पोचत नाही.

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. छापलं तर लोक तिला बघायला जातील.

मामूंनी गाडी बायपासवर फिरवून आणली. मी फिरवली. गिअर लोण्यासारखे पडत होते, पेडल जड पण सरळ. मोठ्या एक्झॉस्टचा ढणढणाट, रोशनची गाणी, त्यात रडणं वगैरे काही ऐकू आलं नाही. मामू मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी साफ आहे. पैसे नको घेऊ. जाऊ दे त्याले."

"आणि ती बाई?"

"बेटा, आपलं काम क्लच उघडणं आहे, गाव उघडणं नाई."

मी रोशनला म्हटलं, मला त्या वळणावर घेऊन चल. रोज चालवतोस तसाच चालव, मी शेजारी बसते.

आम्ही सकाळी उशिरा निघालो. गडचिरोली मागे पडल्यावर सागाचं जंगल लागलं. उन्हाळ्यातलं सागाचं जंगल तुम्ही पाहिलं आहे का? एक पान झाडावर नसतं. आरपार दिसतं, आणि तरी काहीच दिसत नाही. मोठाली वाळलेली पानं वारा नसताना रस्त्यावरून सरकतात. डोक्यावर ऊन, पाखरू नाही, माणूस नाही. रोशनने शेवटचा गिअर टाकला आणि गाडी सोडली. बराच वेळ त्याला क्लचला पाय लावायची गरजच पडली नाही.

वळण दिसलं तसा तो बदलला. गाणं बंद केलं. दोन्ही काचा खाली घेतल्या. वेग कमी करत खालच्या गिअरवर आला, आणि मग क्लच पूर्ण दाबून धरला. गिअर तसाच ठेवला. गाडी ठाण्यासमोर रांगत गेली.

"गिअर काऊन नाई काढला?" मी कुजबुजले. मी का कुजबुजले, माहीत नाही.

"इथी काढत नसते. देवासमोर गाडी मोकळी केली तं परत गिअर घेत नाई. सगळेच डायव्हर असंच करते. गाणं बंद, काच खाली, क्लच दाबून नमस्कार."

त्याने स्टिअरिंगवरून हात उचलून जोडले, आणि गाडी रडली.

मी अनेक बेअरिंगांचे आवाज ऐकले आहेत. घरघर ऐकली आहे, शिटी ऐकली आहे. हा आवाज तसा नव्हता. आधी बारीक, मग चढत गेलेला, गळा दाटून आलेल्या बाईसारखा. त्या उघड्या जंगलात तो झाडांवर आपटून चारी बाजूंनी परत येत होता, त्यामुळे तो गाडीतून येतोय असं वाटतच नव्हतं. मग एकदम धक्का बसला. इंजिन बंद. रडणं मधेच कापल्यासारखं थांबलं. खाली बघितलं, तर पेडल जमिनीला चिकटलेलं.

झाडाखाली टोपलीशी बसलेली म्हातारी उठून उभी राहिली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत, गोंदलेले हात, पांढरे केस. ती आमच्याकडे बघत होती. गाडीच्या आत बघत होती, एकेक जागा तपासावी तशी.

माझ्या अब्बांची सगळी पत्रकं त्या क्षणी कुठे गेली होती कोण जाणे. मी दार उघडलं नाही. मी काच वर घेतली.

रोशन उतरला. ठाण्याला नारळ फोडला, कान पकडले, म्हातारीकडे पाठ करून उभा राहिला. मी चालकाच्या जागेवर सरकले आणि पेडलवर बोटं टेकवून बसले. काही वेळाने ते पेडल माझ्या बोटांसकट हळूहळू वर येऊ लागलं. कोणी ढकलत नव्हतं. झोपलेल्या माणसाची छाती वर येते तसं ते आलं. अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याच काट्याबरोबर डोकंही चालू झालं. कारण आपोआप वर येणारं पेडल मी आधी पाहिलं होतं, घाटातून आलेल्या एका गाडीत. ती गाडी तापलेली होती, थंड झाल्यावर ते वर आलं होतं.

मी उतरले आणि म्हातारीकडे गेले. रोशन ओरडला, "ताई, नका जाऊ!"

तिच्या टोपलीत पळसाच्या पानांचे द्रोण होते, त्यात विकायला ठेवलेली टेंभरं आणि चारं, उन्हाळ्यातली रानफळं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या हातांवरचं काळं ग्रीस पाहिलं.

"तू त्याची कोण?"

"कोणी नाई, बाई. गाडी दुरुस्त करतो मी."

"बरी आहेस ना? तुले काही केलं तं नाई त्यानं?"

मला प्रश्न कळला नाही. ती टोपलीशी परत बसली आणि म्हणाली, "ह्या गाडीत कोणी बाई रडते. मी ऐकतो ना. दरवेळेस ऐकतो. म्हणून उठून पाहतो, कोणाची पोरगी नेऊन राह्यले का म्हणून. आमच्या इथून गेल्या ना जी पोरी, कामाले म्हणून. ठेकेदाराच्या गाडीत. आल्या नाई. तवापासून गाडी दिसली का मी आत पाहतो."

मी तिच्या शेजारी मातीत बसले. रोशनला वाटत होतं, ती बघते म्हणून गाडी रडते. आणि ती बघत होती, कारण गाडी रडत होती.

तिचं नाव सोमीबाई. नवरा नाही, लेक लग्न होऊन लांब गेलेली. मी विचारलं, गाव बसणार आहे हे माहीत आहे का? ती म्हणाली, "माहीत आहे." पोलिसांत जाऊया म्हटलं, असा ठपका ठेवणं या राज्यात गुन्हा आहे. तिने मान हलवली. "पोलीस येईन आन जाईन. मी तं इथीच राह्यतो." मग ठाण्याकडे बघून ती म्हणाली, "आमचा देव गाड्याच्या पहिलेचा आहे, बाई. त्याले गिअर काय, क्लच काय. हे तुमच्या शहरातल्या डायव्हरायनं लावलं."

परतताना मी रोशनला म्हटलं, असाच वेगात चल, आणि सावली गाव यायच्या आधी, वैनगंगेच्या पुलाअलीकडे रस्ता रिकामा मिळेल तिथे तसंच कर. गाणं बंद, काच खाली, क्लच दाबून धर. त्याने तसं केलं. तिथे ना ठाणं होतं ना म्हातारी. कोरडं नदीपात्र होतं, आणि गाडी रडली. वाळूवरून तो आवाज लांबवर गेला. पेडल जमिनीला लागलं, गाडी मेली.

मी विजयाने त्याच्याकडे पाहिलं. रोशनचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"ताई," तो म्हणाला, "तिचा हात इथपर्यंत पोचते?"

त्या दिवशी मला कळलं, पुरावा एका माणसाचे डोळे उघडतो आणि तोच पुरावा दुसऱ्याचा ताईत होतो.

गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेऊन मामू आणि मी खालून पाहिली. सगळं उघड होतं. फुगवलेल्या इंजिनला मोठा एक्झॉस्ट पाइप बसवताना कोणीतरी उष्णता अडवणारा पत्रा काढून टाकला होता, आणि क्लचच्या तेलाची नळी त्या पाइपला जवळजवळ टेकली होती. तेल चहासारखं काळं, जुनं, पावसाळ्याचं पाणी प्यालेलं. लांब वेगाने येऊन गाडी हळू झाली की हवा लागणं थांबतं, ते तेल उकळतं, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पण काही ढकलत नाही. म्हणून पेडल खाली जातं. बेअरिंगचं ग्रीसही त्याच उष्णतेने जळालेलं, म्हणून ते रडतं. शहरात गाण्यात आणि एक्झॉस्टमध्ये ऐकू येत नाही. वळणावर नमस्कारासाठी गाणं बंद होतं, काच खाली येते, आणि गिअर न काढता क्लच दाबून धरला जातो. तेवढाच वेळ रडायला पुरतो. मग माफी मागण्यात, नारळ फोडण्यात जितका वेळ जातो, तितक्यात तेल थंड होतं. माफी पावते.

मामूंनी हे सगळं रोशनला सांगितलं आणि पाना उचलला. मी त्यांचा हात धरला.

"आज नाही उघडायची. बाजाराच्या दिवशी ही गाडी अशीच त्या गावात न्यायची."

"मी नाई येत," रोशन म्हणाला. "दुरुस्त करा ना ताई, विषय संपला."

"तू तिथे सांगून आलास ना? मग तूच परत सांगायचं. गाडी मी नाही उघडत. दुसरीकडे ने."

मामू माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि रोशनला म्हणाले, "शेठ, ही पोट्टी बापावर गेली आहे, ऐकायची नाई. अन् बात तिची बरोबर आहे. रोग दाखवायचा तं रोगी जित्ता पाहिजे. मी पण येतो."

गाव बसलं होतं चिंचेच्या झाडाखाली. सोमीबाई एकटी बाजूला, तोंडावर पदर. तिच्याभोवती बरीच जागा मोकळी होती, जशी विहिरीभोवती असते. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. रागावलेलं गाव मला समजतं, मी संपाच्या सभा पाहिल्या आहेत. हे गाव रागावलेलं नव्हतं. शांत होतं, एखादं रोजचं काम उरकायचं असावं तसं. त्याचीच मला भीती वाटली.

रोशनने लांबून वेगात आणलेली तापलेली गाडी मधोमध उभी केली, गिअर काढून इंजिन चालूच ठेवलं. मी म्हटलं, ज्यांना शंका आहे त्यांनी स्वतः दाबून पाहा. कोणी हललं नाही. शेवटी गावचे पाटील, एक वाळकेसे आजोबा, चप्पल काढून आत बसले. अनवाणी पायाने पेडल दाबलं. गाडी रडली. लोक मागे सरकले. सोमीबाईने पदर काढला.

"सोडा," मी म्हटलं. त्यांनी पाय उचलला, रडणं थांबलं. "दाबा." रडली. "सोडा." थांबली. आजोबांच्या चेहऱ्यावर हळूहळू भलतंच काहीतरी आलं. ते पुन्हा दाबायला लागले, न सांगता.

एक बाई पुढे येऊन म्हणाली, "उतरा आता पाटील, मी दाबतो." तिने दाबलं, ऐकलं आणि म्हणाली, "अगं बया! हा तं माझ्या सासूचा आवाज!"

गाव हसलं. पोरं हसली, बाया हसल्या. रांग लागली. मामू घामाघूम होऊन हात जोडत होते, "हळू दाबा भाऊ, शेठची गाडी आहे." मधेच तेल उकळून पेडल खाली गेलं, तेव्हा मी थांबायला सांगितलं. कोणी नारळ फोडला नाही, कोणी हात जोडले नाहीत. सगळे नुसते वाट बघत बसले, आणि पेडल आपलं आपण वर आलं. रोशनने सगळ्यांसमोर खाली मान घालून सांगितलं, "माझीच गाडी खराब होती. बाईचं काही नाई."

मला वाटलं, झालं.

तेव्हा मागून एक माणूस उठला. दारू प्यायलेला नव्हता, ओरडतही नव्हता. अगदी सरळ म्हणाला, "गाडीचं समजलं जी. मंग माझा बैल कसा मेला?"

हसू एका झटक्यात गेलं. सगळ्यांचे डोळे परत सोमीबाईकडे वळले. ते वळणं मला ऐकू आल्यासारखं वाटलं. तिने पदर पुन्हा तोंडावर घेतला.

बैलाला खालून पाहायला माझ्याकडे खड्डा नव्हता. मी जे येत होतं ते केलं. कायदा सांगितला, तुरुंग सांगितला, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा म्हटलं. माझा आवाज चढत गेला, आणि तो चढेल तशी लोकांची तोंडं मिटत गेली. अखेर पाटील म्हणाले, "पोरी, बस." मग गावाकडे वळून म्हणाले, "आज तं राहू द्या तिले."

आज. मामूंनी परतीच्या वाटेवर तो शब्द दोनदा स्वतःशी उच्चारला.

गाडी आम्ही दुरुस्त केली. नवं बेअरिंग, नवी नळी पाइपपासून दूर, पत्रा जागेवर, ताजं तेल. चाचणीसाठी मी एकटीच ती वळणावर घेऊन गेले. पहिल्या पावसानंतर जंगल हिरवंगार झालं होतं, आता आरपार काही दिसत नव्हतं. मी गाणं बंद केलं, काच खाली घेतली, क्लच दाबला. काहीही आवाज आला नाही. नुसती पानं.

सोमीबाई तरी उठली. जवळ आली, वाकून मागच्या सीटवर पाहिलं.

"बाई, मी बेअरिंग बदललं. तुम्ही स्वतः पाहिलं होतं ना?"

"पाहिलं. समजलं मले," ती म्हणाली. "जिचा आवाज येत होता तिच्यात कोणी नव्हतं. मंग ज्या गाड्याचा आवाज नाई येत, त्यायच्यात कोणी नाई असं कसं म्हणू?"

मी दार उघडून पुढची सीट वाकवली, तिला आत नीट पाहू दिलं.

ती अजून तिथेच बसते. रोशन आता लांबच्या रस्त्याने जातो. बाकीचे त्या वळणावर वेग वाढवतात आणि काचा वर घेतात. ते तिच्यासाठी अधिक वाईट आहे. पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातली अळंबी, विकल्या गेल्या नाहीत, आता सीताफळं टोपलीत काळी पडतात. मी विचारलं, जागा बदलता का? ती म्हणाली, "नाई. इथी लोक थांबले ना, तं गाव पाहते. बसले, खाल्लं, गेले, काही झालं नाई. गावानं पाहाले पाहिजे." गावात अजून बैल मरतात, ताप येतात. प्रत्येक वेळी कोणीतरी तो सरळ प्रश्न विचारतो.

असं वळण एकच नाही. तुमच्याही रस्त्यावर एक असेल, जिथे चालक गाणं बंद करतो आणि झाडाखालच्या बाईकडे बघत नाही. या दिवाळीत तिथे थांबा, दिवसाढवळ्या, लोक बघत असताना. गिअर काढा, इंजिन बंद करा, क्लचवरून पाय उचला आणि खाली उतरा. तिच्याशेजारी बसून एक सीताफळ तिथेच खा, मुलांना खाऊ घाला. मग पुढच्या गावात पहिल्या चहाच्या टपरीवर गाडी उभी करा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा: आत्ता त्या बाईजवळ बसून आलो, आणि गाडी पहिल्या चावीत सुरू झाली.